फाटक्या कपड्यांचं बोचकं सोडवायचं कसं?

कपाटाच्या तळाशी, माडीवरच्या ट्रंकेत किंवा दाराआडच्या पिशवीत शिवायला काढलेल्या कपड्यांचं एक बोचकं बहुतेक घरांत असतंच. बटण तुटलेला शर्ट, फॉल सुटलेली साडी, मांडीत विरलेली पँट, चेन बिघडलेलं दप्तर, नाडी हरवलेला परकर. एकेक कपडा पाहिला तर काम थोडं असतं, पण सगळं एकत्र बांधून ठेवल्यामुळे त्याला कुणी हात लावत नाही. हे बोचकं सोडण्यापासून ते रिकामं होईपर्यंतचं काम इथे क्रमाने सांगते. शिवणाचा क्लास केलेला नसला तरी अडत नाही. धावदोरा आणि हाताची टीप हे दोन टाके आले की यातलं बरंचसं काम घरी होतं.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा, कारण पुढची प्रत्येक दुरुस्ती तिच्यावर उभी आहे: टाका धड कापडात सुरू व्हायला हवा आणि धड कापडातच संपायला हवा. घरी लावलेलं ठिगळ आठ दिवसांत निघतं, तेव्हा टाके चांगलेच असतात, पण ते विरलेल्या कापडात पडलेले असतात. म्हणून सुईआधी कापड तपासायचं, आणि बोचक्यातला निम्मा वेळ या तपासणीलाच द्यायचा.

कधी बसायचं

आपल्याकडे, बेळगाव भागात, आषाढ हा या कामाचा महिना. लग्नसराई आटोपलेली असते. कर्नाटकातल्या शाळा मे संपता संपता किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात, त्यामुळे गणवेशांची गर्दीही ओसरलेली असते आणि शिंप्याला श्वास घ्यायला वेळ असतो. श्रावण निम्म्यावर आला की गणपतीचे कपडे सुरू होतात. मग दिवाळीपर्यंत तुमची फाटकी पँट त्याच्या दुकानात गाठोड्याच्या तळाशी जाते. खानापूर भागात आषाढात रोप लावणी असते. ज्यांच्या घरी शेत आहे त्यांनी लावणी उरकल्यावर बसावं.

अडचण एकच, उजेडाची आणि ओलीची. बेळगाव-खानापूरच्या पावसात दुपारीही सोप्यात अंधार असतो आणि धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. म्हणून बोचकं सोडायला उघडीप बघा. एका उघडिपीत सगळं धुऊन वाळवून ठेवलं की शिवण पुढे पाऊस पडत असतानाही करता येते. काळ्या कापडाचं काम मात्र दिवसाच, खिडकीशी. रात्री दिव्याखाली काळ्यावर काळा दोरा घालताना डोळे दुखतात आणि टाका कुठे पडतोय ते कळत नाही.

धुतल्याशिवाय सुई लावायची नाही

घामाचं आणि तेलाचं कापड सुईला जड जातं, आणि रफूत मळ अडकला तर तो पुन्हा निघत नाही. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत कामाला जाणाऱ्यांचे कपडे वेगळे भिजवा, ती धूळ बाकीच्या कपड्यांना लागू नये. खानापूरकडच्या काजूच्या चिकाचे डाग जात नाहीत. तशा कपड्याला बाहेर जाण्याजोगा करायच्या भरीस पडू नका. शेतात घालण्याइतपत शिवा आणि पुढे चला.

धुण्याआधी दोन प्रकारचे कपडे बाजूला काढायचे. एक, ज्यांना लांब चीर पडली आहे ते. पिळताना चीर आणखी पळते, म्हणून चिरेच्या दोन्ही कडा हाताने मोठ्या धावदोऱ्याने तात्पुरत्या जोडून मगच धुवा. दुसरे रेयॉनचे कुर्ते आणि गाऊन. सुती कापड ओलं झाल्यावर अधिक दणकट होतं, रेयॉन ओलं झालं की कमकुवत होतं. त्याला घासू नका, पिळू नका, नुसतं दाबून पाणी काढा.

ढीग कसे लावायचे

बहुतेकजण माणसागणिक ढीग लावतात: हे बाबांचे, हे मुलांचे. त्याने काम पुढे सरकत नाही, कारण प्रत्येक ढिगात प्रत्येक प्रकारचं काम येतं. ढीग बिघाडावर लावा. चटई अंथरा आणि कपडे असे वेगळे करा: बटण-हूक-नाडी, उसवलेले, फाटलेले किंवा विरलेले, चेन आणि इलॅस्टिक, साड्या, शिंप्याकडचे, आणि शेवटी वाकळीचे, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधडीत जाणारे.

उसवणं आणि फाटणं यांत गल्लत करू नका. उसवलं म्हणजे शिवणीचा दोरा तुटला, कापड शाबूत आहे. हे सोपं काम. फाटलं म्हणजे कापडाचाच धागा तुटला. अनेकदा शिवणीलगत कापड फाटलेलं असतं आणि वरून ते उसवल्यासारखंच दिसतं. उलटं करून बघा. शिवणीच्या टाक्यांना तुटलेले धागे चिकटलेले दिसले, तर तो कपडा तिसऱ्या ढिगात.

आता विरलेपणाची परीक्षा. कपडा खिडकीसमोर धरा. जिथे उजेड जास्त येतो, तिथे खडूने रेघ मारा. मग त्या जागेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकं ताणा, आधी उभं, मग आडवं. धागे सरकून फट पडली की ते कापड टाका धरणार नाही. रेघ आणखी बाहेर न्या, पुन्हा ताणा. जिथे कापड ताण सोसतं तिथली रेघ खरी. ठिगळ, रफू, टीप, सगळं या रेघेच्या बाहेरून सुरू होणार. भोक रुपयाएवढं असलं तरी रेघ कधी कधी तळहाताएवढी निघते. शर्टाच्या कॉलरमागे, पँटच्या मांडीत, नाइटीच्या काखेत हे हमखास होतं. चिकोडी-हुक्केरीकडे उसात वावरणाऱ्यांच्या बाह्यांना पात्याचे चरे पडलेले असतात. एक चीर शिवण्याआधी अख्खी बाही उजेडात धरून बघायला हवी.

रेघ कपड्याच्या निम्म्याहून अधिक भागावर गेली तर तो वाकळीच्या ढिगात. इथे मन घट्ट करावं लागतं. आवडता कपडा असतो, कुणाची तरी आठवण असते. पण सगळ्या अंगाने विरलेल्या कापडाला एका जागी शिवलं तर आठ दिवसांत शेजारची जागा जाते. त्याला वाकळीत आयुष्य आहे.

सामान

फार लागत नाही. बारीक, मध्यम आणि जाड अशा सुया, वाकळीसाठी लांब सुई, अंगुस्तान, धारेची एक कातर जी कागदाला लावायची नाही, टाचण्या, सेफ्टी पिना, खडू, मेणबत्तीचा तुकडा. पांढरा, काळा, निळा, खाकी, राखाडी आणि मरून एवढे दोरे असले की बाकीचे लागतील तसे आणता येतात. बेळगावात गणपत गल्ली, खडेबाजार भागात मॅचिंगच्या दुकानात कपडा घेऊनच जा. आठवणीने आणलेला रंग जुळत नाही. तंतोतंत रंग मिळाला नाही तर किंचित गडद दोरा घ्या, फिका दोरा कापडावर उठून दिसतो.

दोऱ्याची जात रंगाइतकीच महत्त्वाची आहे. नव्या कापडाच्या शिवणीला पॉलिस्टरचा दोरा चांगला. जुन्या, मऊ पडलेल्या सुती कापडाला तो कापतो, कारण कापडापेक्षा दोरा दणकट होतो आणि ताण आला की कापडच तुटतं. रफूला आणि जुन्या सुती कपड्याला सुती दोराच घ्या.

घरी पायमशीन असेल तर सुईचा नंबर बदलायचा आळस करू नका. पातळ साडी-ब्लाऊजला 11, रोजच्या शर्ट-परकराला 14, जीन्सला 16. जाड सुईने पातळ कापडाला भोकं पडतात, बारीक सुई जीन्सवर मोडते.

बटणं, हूक, नाड्या

सुरुवात इथून करा. सुईत पांढरा दोरा घातला की पांढऱ्याची सगळी बटणं एका बैठकीत, मग काळ्याची. सुई ओवण्यात जाणारा वेळ असा वाचतो.

दोरा दुहेरी, पण हातभराहून लांब नको, गुंता होतो. मेणबत्तीवरून एकदा ओढला की तो गुळगुळीत होतो आणि गाठी पडत नाहीत. बटणावर एक काडेपेटीची काडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घाला, दोन भोकांतून तीन-तीन वेळा. मग काडी काढा, बटण वर ओढा आणि खाली मोकळा राहिलेला दोरा बटणाच्या मानेभोवती तीन-चार वेळा गुंडाळून कापडाच्या उलट्या बाजूला पक्का करा. ही मान नसेल तर बटण काजात शिरताना कापड ओढतं आणि पुन्हा तुटतं. कोटाला, स्वेटरला मान उंच ठेवा.

बटणासकट कापडाचा तुकडा निघाला असेल तर तिथे पुन्हा बटण लावून उपयोग नाही. आतून बोटाच्या पेराएवढा सुती तुकडा लावा, कडेने बारीक टाक्यांनी बसवा, भोकावर दोन-चार टाके आडवे-उभे घाला, आणि मग बटण. हरवलेल्या बटणासाठी नवा संच आणायची गरज नाही. शर्टाचं सगळ्यात खालचं, पँटच्या आत जाणारं बटण काढून वर लावा आणि खाली दुसरं कुठलंही लावा.

ब्लाऊजचा हूक दोन कड्यांनी शिवतात आणि तिथेच थांबतात. म्हणून तो डोकं वर काढतो. कडी शिवून झाल्यावर सुई कापडाच्या आतून पुढे नेऊन हुकाच्या मानेखालीही तीन टाके घाला. समोरची दोऱ्याची आय, म्हणजे हूक अडकवायचा फासा, तुटली असेल तर हुकाच्या रुंदीएवढे तीन-चार सैल धागे टाका आणि त्यांच्यावर काजटाका जवळजवळ भरत जा. तारेच्या आयपेक्षा ही मऊ, अंगाला टोचत नाही.

परकराच्या नाडीच्या टोकाला सेफ्टी पिन लावून ती नेफ्यातून सरकवा. नाडी निसटू नये म्हणून नेफ्याच्या मधोमध, मागच्या बाजूला, नाडी आणि कापड एकत्र धरून एक उभी टीप घाला. सरकणारी नाडी हा त्रास त्यानेच संपतो.

उसवलेलं

जिथे दोरा सुटलाय तिथून अर्धा इंच आधी सुरू करा आणि पुढे अर्धा इंच जास्त शिवा, जुन्या टाक्यांवरून. हाताने शिवत असाल तर धावदोरा नको, टीप घाला: एक टाका पुढे, अर्धा मागे. पँटचं आसन, काख आणि खिशाचं तोंड या तीन जागांना दुहेरी टीप. बसता-उठता, स्कूटरवर पाय टाकताना सगळा ताण आसनावर येतो, तिथे एकेरी टीप म्हणजे पंधरा दिवसांचं काम.

काखेतली शिवण पुन:पुन्हा उसवत असेल तर दोष दोऱ्यात नाही, कपडा घट्ट झाला आहे. तिथे कितीही शिवलं तरी ते सुटणार. काखेची शिवण थोडी उकलून त्यात चौकोनी तुकडा तिरका बसवा, एक टोक अंगाच्या बाजूला, एक बाहीच्या. वाढत्या मुलांच्या शर्टांना हा तुकडा एक वर्ष देतो.

ठिगळ

ठिगळ लावताना लाज बाळगायचं कारण नाही, पण ते नीट लावलेलं असलं पाहिजे. कापड मूळ कपड्याच्या जाडीचं किंवा किंचित पातळ हवं. जाड ठिगळ जुन्या कापडाला कडेने ओढून फाडतं. नवं सुती कापड असेल तर आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आकसतं आणि कपड्याला सुरकुत्या पडतात. सगळ्यात चांगलं ठिगळ त्याच जातीच्या जुन्या, टाकलेल्या कपड्याच्या धड भागातून मिळतं. दोघंही सारखेच धुतलेले असतात.

धाग्याची दिशा जुळवा. कापडाचे उभे धागे ठिगळात उभेच आले पाहिजेत. उभा कुठला ते कळत नसेल तर दोन्ही दिशांना ताणून बघा: उभ्याला कापड कमी ताणलं जातं. वडगाव-खासबागेत मागावर काम केलेल्या कुणालाही कापड दाखवा, ते बोट फिरवून ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे, सांगतात.

पँटच्या मांडीचं ठिगळ आतून लावायचं. खडूच्या रेघेपेक्षा चारी बाजूंनी पाऊण इंच मोठा तुकडा कापा, कोपरे गोल करा. टोकदार कोपरा आधी उचलतो आणि तिथूनच निघतो. कपडा सपाट अंथरून ठिगळ टाचण्यांनी बसवा, मग मोठ्या धावदोऱ्याने तात्पुरतं टाका. आता भोकाच्या जागी सरळ बाजूने, धाग्यांच्या दिशेने, जवळजवळ समांतर ओळी शिवत जा, प्रत्येक ओळ विरलेल्या जागेच्या बाहेर धड कापडात नेऊन वळवा. ओळींची लांबी सारखी ठेवू नका. सगळ्या ओळी एकाच रेषेत संपल्या तर कापड त्या रेषेवरच फाटतं. शेवटी ठिगळाची कड आतून हलक्या टाक्यांनी कपड्याला बसवा. जीन्सला हेच काम मशीनवर पुढे-मागे शिवून पटकन होतं.

भोक स्वच्छ असेल, गुडघ्यावर पडलं असेल आणि ठिगळ दिसायचंच असेल, तर भोकाच्या कडा चौकोनी कापा, कोपऱ्यांना छोटी चीर द्या, कडा आत दुमडा आणि आतल्या ठिगळावर बारीक हातशिलाईने बसवा. रेषा सरळ आल्या की खिशासारखं नीटस दिसतं.

टी-शर्ट, बनियनला हे लागू नाही, त्यांचं कापड विणलेल्या फाशांचं असतं. भोकाच्या कडा एकत्र ओढून शिवल्या की गोळा होतो आणि शेजारून फासे सुटतात. जुन्या बनियनचा तुकडा आतून लावा आणि तिरप्या टाक्यांनी, सैल हाताने बसवा, म्हणजे कपडा ताणला तरी दोरा तुटत नाही.

रफू

रफू म्हणजे हरवलेलं कापड सुईने पुन्हा विणणं. त्याला घाई चालत नाही. दोरा शक्यतो त्याच कपड्यातून काढा. आतल्या शिवणीच्या मोकळ्या कापडातून किंवा दुमडीतून धागे मिळतात; रंग आणि चमक दोन्ही जुळतात.

भोकाच्या एका बाजूला, धड कापडात अर्धा इंच आत सुरू करा. गाठ नको. उभ्या दिशेने एक धागा वर, एक खाली असे बारीक टाके घेत भोकापर्यंत या, भोकावरून धागा सरळ ओढा, पलीकडे पुन्हा अर्धा इंच टाके. वळताना टोकाला तांदळाएवढा फासा मोकळा सोडा. धुतल्यावर दोरा आकसतो, त्याला ही जागा लागते. उभे धागे भरून झाले की आडवे घ्या आणि उभ्यांच्या खालून-वरून विणत जा, पुढची ओळ नेमकी उलट. ओढून घट्ट करू नका. झाल्यावर उलट्या बाजूने ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवा, रफू सपाट बसतं.

खिळ्याला अडकून काटकोनात फाटलेलं कापड आपल्याकडे फार येतं, गोठ्याच्या दारामुळे, बाकाच्या खिळ्यामुळे. त्यात कोपरा सगळ्यात कमकुवत. आधी कोपरा जुळवून तिथे रफू करा, मग एकेक बाजू. टोकाकडून सुरू केलं तर कोपऱ्यात कापड जास्त उरतं आणि फुगा येतो.

घोंगड्याला कसर लागून पडलेली भोकंही अशीच भरतात, लोकरीच्या जाड धाग्याने. आधी दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकून झटका. गरम पाण्यात कधीच घालू नका, लोकर आळून घट्ट होते.

साड्या, इरकल आणि खण

फॉल सुटणं हे सगळ्यात जास्त येणारं काम. फॉल साधारण अडीच मीटरचा येतो. लावण्याआधी तो भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. न भिजवता लावलेला फॉल नंतर आकसतो आणि साडीचा काठ चुण्या धरतो. असा काठ दिसला तर पूर्ण फॉल उसवून पुन्हा लावण्याशिवाय इलाज नाही. खालची कड काठाच्या टोकाशी जवळच्या टाक्यांनी, वरची कड हातशिलाईने, साडीचा एकच धागा उचलत. सरळ बाजूने टाका दिसता कामा नये.

नऊवारी मधून विरली तर दंड घालण्याची आपली जुनी रीत आजही तितकीच पक्की आहे. विरलेला भाग पूर्ण कापून काढा, दोन्ही धड तुकडे काठाला काठ लावून जोडा, आणि शिवण दुमडून दोनदा घाला म्हणजे कडा आत जातात. नऊ वारांतून हातभर गेलं तरी नेसायला पुरतं. दंड निऱ्यांत किंवा आत खोचला जाईल अशा जागी येतो का ते नेसून बघूनच कापा.

मधून विरलेल्या चादरीला आणखी चांगला उपाय आहे. ती लांबीच्या दिशेने मधोमध कापा. बाहेरच्या दोन धड किनारी आता मध्ये आणून जोडा आणि विरलेल्या बाजू बाहेर जाऊ द्या. तिथला फारच विरलेला भाग कापून दुमड घाला. पलंगाच्या कडेला चादर झिजत नाही, त्यामुळे ती पुन्हा दोन-तीन वर्षं जाते.

इरकलीचं काम जपून. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची ही साडी, अंग सुती आणि पदर रेशमी असा तिचा जुना घाट. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा फासे एकमेकांत अडकवून मागावर जोडलेले असतात. साडी जुनी झाली की तो सांधा आधी सुटतो. तिथे मशीन चालवू नका, सुई फासे तोडते. उलट्या बाजूला इंचभर रुंदीची पातळ सुती पट्टी ठेवा आणि सांध्याच्या दोन्ही अंगांना, धड कापडात, बारीक हातटाक्यांनी ती बसवा. ताण पट्टी घेते, सांधा मोकळा राहतो.

इरकलीवर कसुतीचं भरतकाम असेल आणि त्याचा धागा तुटला असेल, तर भरण्याआधी शेजारची नक्षी नीट बघा. कसुती कापडाचे धागे मोजून भरतात आणि तिला गाठ नसते. तिच्यातला गवंती आणि मुरगीचा टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. नवा धागा जुन्या टाक्यांखालून सरकवून अडकवायचा आणि संपवतानाही तसाच. धागे मोजायला डोळा साथ देत नसेल तर जाणत्या बाईकडे द्या, चुकलेला एक टाका अख्ख्या ओळीत दिसतो.

गुळेदगुड्डच्या खणाचा ब्लाऊज खांद्याच्या शिवणीपाशी विसकटतो, धागे एकमेकांपासून सरकतात. शिवण आणखी आत घेऊ नका, ब्लाऊज घट्ट होऊन जास्त सरकेल. आतून मऊ सुती पट्टी लावून शिवण तिच्यावर घाला.

चेन आणि इलॅस्टिक

चेन उघडी राहते तेव्हा बहुधा दात ठीक असतात, रनर सैल झालेला असतो. रनर खाली नेऊन पकडीने दोन्ही बाजूंना अगदी थोडं दाबा, चालवून बघा, पुन्हा थोडं. जोरात दाबलात तर तो फुटतो. अडकणाऱ्या धातूच्या चेनला मेणबत्ती घासा. दात गळाले असतील तर चेन बदलायचीच. दप्तराची आणि पँटची चेन शिंप्याकडे द्या, घरगुती मशीनला ती जाडी झेपत नाही.

इलॅस्टिक बदलताना कमरेच्या मापापेक्षा दोन-तीन इंच कमी घ्या, टोकं इंचभर एकावर एक ठेवून चौकोनी टीप घाला. टोकाला टोक लावून शिवलेलं सुटतं.

प्लास्टिकच्या रेनकोटला सुई लावू नका. प्रत्येक टाका म्हणजे पाण्याला एक वाट, आणि ओळीने भोकं पडल्यावर तो तिथूनच फाटतो. कोरडा करून आतून चिकटपट्टी लावा.

शिंप्याकडे देताना

रेशमी साडीची चीर, कोटाचं अस्तर, चेन, कॉलर उलटवणं ही कामं जाणत्या हाताची. शर्टाची कॉलर दुमडीवर झिजली तर ती उकलून उलटी बसवता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अर्ध्या तासात शर्ट नवा होतो.

प्रत्येक कपड्यावर दुरुस्तीच्या जागी सेफ्टी पिन लावा आणि तिलाच चिठ्ठी टोचा. आपल्या भागात दुकानातला कारागीर मराठी, कन्नड किंवा उर्दू बोलणारा असू शकतो. पिन सगळ्यांना कळते. जुळणारा दोरा, बटण, चेन घरून दिलीत तर काम लवकर होतं. घेताना तिथेच कपडा उलटा करून बघा, शिवणीची दोन्ही टोकं धड कापडात गेली आहेत का ते पाहा, चेन दोनदा चालवा.

उरलेलं: वाकळ

शेवटच्या ढिगातून आधी बटणं, हूक, चेन, चांगल्या नाड्या काढून डब्यात टाका. मग वेगळं करा. सुती ते वाकळीला. नायलॉन आणि टेरिकॉट नको, ते घसरतं आणि अंगाला उष्ण होतं. जाड शिवणी आणि इलॅस्टिक कापून टाका, सुई तिथे अडते आणि झोपताना टोचतं.

वर आणि खाली जुनं सुती लुगडं, मध्ये फाटके कपडे सपाट करून, जोड एकावर एक येणार नाहीत असे पसरलेले. तीन-चार थरांपेक्षा जास्त केलं तर पावसाळ्यात ती वाळत नाही, कुबट वास धरते. चारी कडा दुमडून मोठ्या टाक्यांनी आवळून घ्या, मग कडेने धावदोऱ्याची पहिली ओळ, तिच्या आत दोन बोटांवर दुसरी, अशा चौकोनी फेऱ्या मध्यापर्यंत. कडेकडून आत आल्याने थर सरकत नाहीत. हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात तीही अशीच कोपऱ्यातून सुरू होऊन कडेकडेने आत जाते, आणि कोपऱ्यांवर त्या दुमडलेल्या तुकड्यांची फुलं बसवतात. त्या फुलांनी कोपरे झिजत नाहीत, आपल्या वाकळीलाही ती लावून बघा.

दोरा सुती आणि दुहेरी, सुई लांब, बोटात अंगुस्तान. दोघी समोरासमोर बसल्या तर दोन बाजूंनी फेऱ्या होतात; मुलांनाही सरळ धावदोरा इथेच शिकवता येतो, वाकडा गेला तरी वाकळीत खपतो. नवी वाकळ पहिल्यांदा धुण्याआधी सैल राहिलेली दोऱ्याची टोकं आत ओढून घ्या आणि जिथे ओळ सुटली असेल तिथे दोन टाके घाला. तीही आता शिवायच्या कपड्यांत येणारच, पण बरीच वर्षं जाऊ द्यावी लागतील.